माणशी पंधरा किलो

आमच्या बेटावर विमान उतरतं ते ओहोटीच्या वाळूवर.
धावपट्टी समुद्रच धुऊन देतो, दिवसातून दोनदा,
आणि मी टपरीएवढ्या कचेरीत काट्यापाशी बसते.
माणशी पंधरा किलो.
पाद्र्याला तेवढेच, मेंढपाळालाही तेवढेच.

टॉर्किल मॅकास्किलची गोल्फची बॅग: एकोणीस किलो चारशे.
"काटा खोटा आहे, मार्सेली."
काटा खरा आहे. परवाच त्यावर वासरू मोजलं.
"काठ्या चौदा. त्यांना हात लावायचा नाही."
काठ्यांना कोण हात लावतंय, बाकीचं काढा.

मग तो काढू लागला,
दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडावं तसं, थोडं थोडं.

छत्री. आठशे ग्रॅम.
आमच्या वाऱ्यात छत्री उघडणारा
एक तर परका असतो, नाहीतर पुढच्या बेटावर सापडतो.
"अकरा वर्षं सोबत आहे," तो म्हणाला,
आणि ती माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली.

चेंडू सदतीस!
बहुतेक सगळे दुसऱ्यांनी हरवलेले.
सहा ठेवले. सहाही जण हरवले तर
तो खेळ नव्हे, पेरणी.

थर्मास काढताना जीव गेला त्याचा.
पावसाळी कोट अन् विजार त्यानं अंगावरच चढवली,
जून महिन्यात, उन्हात,
आणि तशीच एक मूठ लाकडी टी खिशात सरकवली.
मी खिडकीतून कालवं वेचणाऱ्या बायका बघत होते.

तरी सत्तर ग्रॅम जास्त.

आता काट्याशेजारी नुसती बारीकसारीक वस्ती:
टॉवेल, ज्याचं एकच टोक ओलं ठेवायचं,
हिरवळीवरचा खड्डा बुजवायचा दुदाती काटा,
जादा हातमोजा, पायाच्या फोडाला पट्ट्या,
अर्धं केळं (तारीख विचारू नये),
आणि एक बटण. बाटलीहिरवं, चार भोकांचं.
चेंडू उचलला की त्याच्या जागी ठेवायचं.

"नाणं का नाही ठेवत?"
"एफीच्या कोटाचं आहे. मागते ती परत."
एफी म्हणजे धाकटी बहीण, पलीकडच्या बेटावर,
लॅखलनच्या घरात. आणि लॅखलनशीच आजचा सामना.
मागते म्हणे. अकरा वर्षं दोघं बोललेले नाहीत,
हे आमच्याकडे मेंढ्यांनाही ठाऊक.

बटणाचं वजन काट्याला कळलंच नाही.
शेवटी त्यानं नियमांचं पुस्तक उचललं,
पानं फुगलेली, मधे काहीतरी खूण घातलेली,
आणि छत्रीशेजारी टाकलं.
चौदा किलो नऊशे नव्वद.
जा.

दुपारी सरळ, न वाकता, पाऊस आला.
वारा चक्क पडलेला.
मी छत्री उघडली, तर आतून
एक पिवळा कागद टपकला: गुणांचं कार्ड.
सोळा चौकटी भरलेल्या, दोन हातांनी.
सतराव्यात शिसाचा ठिपका, इतका दाबलेला की आरपार.
पाठीमागे लिहिलं होतं: मेंढा चेंडूवर बसला तर?
त्याखाली दुसऱ्या अक्षरात: तसाच मारायचा.
त्याखाली पहिल्या अक्षरात, ते मी सांगणार नाही.

भरतीच्या आधीचं शेवटचं विमान.
टॉर्किल उतरला. कोट हातावर,
काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी, गरम.
बॅग मोजायची गरज नव्हती, येताना मोजत नाहीत.
मी तरी मोजली.
मग विचारलं, कोण जिंकलं?

"कोण जाणे. कार्ड भरायला घेतलं तर पेन्सिल नाही.
लॅखलनकडेही नाही. मग खेळलो तसेच,
सतरावं दोनदा खेळलो."

मी पुस्तक उघडलं.
खुणेच्या जागी पेन्सिलीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा,
दातांनी चावलेला.
त्यानं बघितला. मी त्याच्याकडे.
"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला,
"सत्तर ग्रॅम कशाला वागवू?"